राखाडी कोटाची लाल चौकट

आजच्या समारंभाच्या सन्माननीय अध्यक्षा, व्यासपीठ भूषवणारे प्रमुख पाहुणे, आपल्या नाट्यसंस्थेचे व्यवस्थापक, आमचे मुख्य नट नायकसाहेब, ज्यांना निरोप द्यायला आपण सगळे इथे जमलो त्या सत्कारमूर्ती काकू, समोर बसलेले रसिकजन, आणि ज्यांना खुर्ची मिळाली नाही म्हणून जे भिंतीला टेकून उभे आहेत ते आमचे सगळे सहकारी, सर्वांना माझा नमस्कार.

मी रंगभूषाकार. माणसांच्या तोंडाला रंग लावणं हा माझा धंदा, चार लोकांत स्वतःचं तोंड उघडणं हा नव्हे. व्यवस्थापकांना मी तसं सांगूनही पाहिलं. ते म्हणाले, "तुम्ही काकूंचे शेजारी. तुम्ही नाही बोलणार तर कोण बोलणार?" आता शेजारी हे खरं आहे. काकूंची कपड्यांची खोली आणि माझी रंगाची खोली यांच्यामध्ये फक्त एक लाकडी फळ्यांची भिंत आहे, आणि त्या भिंतीतून सगळं ऐकू येतं. त्यामुळे मी जे सांगणार आहे ते ऐकीव आहे असं कुणी म्हणू नये. म्हणजे ऐकीवच आहे, पण भिंतीपलीकडून थेट ऐकलेलं आहे.

काकू वयाने माझ्याहून लहान. पण या इमारतीत त्यांना काकू म्हणत नाही असा माणूस नाही. नायकसाहेब त्यांच्याहून चांगले वडीलधारे, तेही म्हणतात, "काकू, माझी विजार." मग मीच कशाला वेगळा राहू?

आपल्या हातात कार्यक्रमपत्रिका आहे. ती जरा उघडा. माझ्या भाषणानंतर लिहिलंय, "सत्कार. हस्ते", आणि पुढे काही नाही. नुसती कोरी जागा. पाहुण्यांनी मघाशी मला हळूच विचारलं, "हे छापायचं राहिलं का?" व्यवस्थापकांनी मध्ये पडून सांगितलं, "हो, छपाईची चूक." पाहुणेसाहेब, चूक वगैरे काही नाही. ती जागा मुद्दाम कोरी ठेवली आहे. ती भरायची की नाही हे आज, या सभागृहात, माझ्यानंतर ठरणार आहे, आणि ते ठरवणं माझ्याही हातात नाही आणि व्यवस्थापकांच्याही नाही. का नाही, तेवढंच सांगायला मी उभा आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपल्या इमारतीत दोन रंगमंच आहेत. हा मोठा, जिथे आपण बसलोय, आणि मागच्या व्हरांड्याच्या टोकाला छोटा, जिथे मुलांची नाटकं होतात. मोठ्या रंगमंचाचे कपडे काकूंकडे. छोट्या रंगमंचाची सगळी सूत्रं त्यांच्या सख्ख्या धाकट्या बहिणीकडे. तिला आम्ही सगळे धाकटीच म्हणतो. या दोघींचे वडील आपल्या संस्थेचे पहिले शिंपी. आई लवकर गेली, तेव्हा ते दोन्ही मुलींना कामावर घेऊन यायचे. काकू परकराला काजं करायला शिकल्या त्या इथेच. आणि धाकटी तान्ही होती, ती नाटकाच्या कपड्यांच्या गाठोड्यावर झोपायची. हे मला काकूंनीच सांगितलंय, पूर्वी कधीतरी, जेव्हा त्या धाकटीविषयी बोलत असत.

पुढे बोलेनाशा झाल्या. कारण एक कोट.

राखाडी कोट आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. वडिलांनी स्वतःच्या हाताने शिवलेला. खांदे असे बसवलेत की त्यात कुणीही शिरला तरी अब्रूदार दिसतो. नायकसाहेबांनी त्या कोटात किती वकील, किती डॉक्टर आणि किती बेइमान दिवाणजी केले असतील. एकदा काकू तापाने घरी पडल्या होत्या, आणि छोट्या रंगमंचावर अस्वलाचं नाटक उभं राहत होतं. अस्वलाला कान नव्हते. धाकटीने कात्री घेतली, राखाडी कोटाचा मागचा घेर कापला आणि अस्वलाचे कान केले. कान मात्र सुरेख झाले होते, हे कुणीही नाकारणार नाही.

काकू बऱ्या होऊन आल्या आणि त्यांनी कोट उचलला. मी भिंतीपलीकडे होतो.

"हा कुणी कापला?"

"मी. तो टाकाऊ खुंटीवर होता, ताई."

"माझ्या खोलीत टाकाऊ खुंटी नाहीच."

"आहे. दारामागची."

"ती माझी स्वतःची खुंटी आहे. वडिलांची होती ती."

बस. एवढंच. त्यानंतर दोघींनी अबोला धरला तो धरलाच. काकूंनी कोटाच्या मागे दुसऱ्या कापडाचं ठिगळ लावलं. ते जवळून दिसतं, म्हणून तेव्हापासून नायकसाहेब त्या कोटात कधी प्रेक्षकांकडे पाठ करत नाहीत. खुर्चीपर्यंत उलट पावलांनी जातात. वर्तमानपत्रात कुणीतरी लिहिलंही होतं की, या नटाला प्रेक्षकांपासून नजर काढवत नाही. नायकसाहेब हसतायत, म्हणजे ते कात्रण त्यांनी जपून ठेवलंय.

आता अबोला घरात चालतो. कपड्यांच्या एका खोलीवर दोन रंगमंच चालवायचे तर तो चालत नाही. मुकुट मोठ्या रंगमंचाला हवा, नेमका तोच छोट्याला हवा. काठी हवी, टोपी हवी. या विचारणार नाहीत, ती सांगणार नाही. एकदा तर राजा सिंहासनावर बसला आणि त्याच्या डोक्यावर काही नव्हतं, कारण मुकुट त्या वेळी एका बेडकाच्या डोक्यावर होता. व्यवस्थापकांनी कपाळाला हात लावला आणि कपड्यांच्या खोलीत एक आणि छोट्या रंगमंचाकडे एक, असे दोन जुने कॉम्प्युटर आणून एकमेकांना जोडले. दोन्हींवर एकच स्प्रेडशीट. त्यात दोन पानं. एका पानाचं नाव मोठा, दुसऱ्याचं छोटा. नियम असा की, ज्याला जो कपडा हवा त्याने आपल्या पानावर, एकाच चौकटीत, कपड्याचं नाव आणि तारीख लिहायची. मग दोघींनी एकमेकींची पानं बघायची.

इथेच घोडं अडलं. काकू म्हणाल्या, "मी तिच्या पानावर जाणार नाही."

आमच्या तिकीट खिडकीवरची मुलगी या कामात हुशार आहे. ती बघा, तिसऱ्या रांगेत बसलीय आणि मान खाली घालतेय. ती म्हणाली, "काकू, जायची गरजच नाही. तुम्ही तुमच्याच पानावर बसा. कंडिशनल फॉरमॅटिंग करू. तुम्ही लिहिलेला कपडा त्याच तारखेला त्यांच्या पानावर असेल, तर तुमची चौकट आपोआप लाल होईल."

मी दारातच उभा होतो. म्हटलं, हे काय नवीन? ती म्हणाली, "काका, अट घालून रंग लावायचा." मी म्हटलं, बाई, मला नट रोज अटी घालतात, डोळे मोठे दिसले पाहिजेत, नाक लहान दिसलं पाहिजे, तरी मी त्याला असलं भारदस्त नाव दिलं नाही. पण गंमत बघा. मी रंग लावतो तो ज्याच्या त्याच्या चेहऱ्याकडे बघून. इथे या पानावरच्या चौकटीला रंग कुठला यावा, हे दुसऱ्या पानावर कुणी काय लिहिलंय त्यावर ठरायचं. मला ते काही केल्या पटेना. काकूंना लगेच पटलं. घरातल्या थोरल्या ना त्या, धाकटीने काय केलं त्यावर यांचा चेहरा लाल व्हायचा, हे त्यांना शिकवायची गरज नव्हती.

एक अडचण आली. आमचं ते यंत्र इतकं जुनं की, रंगाच्या नियमात दुसऱ्या पानाचा पत्ता थेट लिहू द्यायचं नाही. मुलीने त्यावर तोड काढली. दुसऱ्या पानावरच्या त्या रकान्याला आधी एक नाव द्यायचं, आणि नियमात पत्त्याऐवजी ते नाव लिहायचं. ती म्हणाली, "काकू, धाकटीताईंच्या रकान्याला काहीतरी नाव ठेवा."

मी भिंतीपलीकडून म्हटलं, धाकटीला नावं ठेवायला काकूंना कॉम्प्युटर कशाला हवा? आतून काकूंचा आवाज आला, "तुम्ही तुमच्या डब्यांची झाकणं लावा." मग त्यांनी त्या मुलीला विचारलं, "नाव कसलंही चालेल?" मुलगी म्हणाली, "चालेल. फक्त मध्ये मोकळी जागा नको, एकच शब्द." काकू म्हणाल्या, "तू जा खिडकीवर, रांग लागली असेल. मी बघते." आणि त्यांनी ते एकट्यानेच केलं.

ते चाललंही झकास. चौकट लाल झाली की काकू माझ्या दारात डोकवायच्या. "तिला सांगा, मुकुट मला हवाय." मी हातातला पफ ठेवून व्हरांड्याच्या टोकाला जायचो. धाकटी म्हणायची, "तिला सांगा, घेऊन जा म्हणावं. आणि खोकला झालाय तिला, तेही सांगा. औषध घेत नाही." मी परत यायचो. काकू म्हणायच्या, "तिला कुणी सांगितलं मला खोकला झालाय?" मी म्हणायचो, "काकू, आख्ख्या इमारतीला ऐकू येतो." नट माझ्या खुर्चीत अर्ध्या चेहऱ्याने बसून राहायचे. नायकसाहेबांनी एकदा एकाच भुवईवर पहिला अंक काढलाय.

आणि मग तो शनिवार आला.

त्या आठवड्यात नवे कपडे आले होते, म्हणून काकूंनी आपल्या पानावर रंगाचा नियम नव्याने लावला. रकाना निवडताना त्यांनी वरच्या मथळ्यापासून निवडला. नियम मात्र पहिल्या कपड्यापासून लिहिलेला. एका ओळीचा फरक. दिसायला एवढासा. पण झालं काय, की प्रत्येक चौकट स्वतःकडे न बघता आपल्या खालच्या चौकटीकडे बघायला लागली. ताप खालच्याला आणि लाल वरचा. हे अर्थात आम्हाला नंतर कळलं. त्या शनिवारी एवढंच कळलं की, सैनिकाची टोपी लाल झालीय आणि तिच्या खालचा राखाडी कोट छान पांढराशुभ्र आहे.

काकू दारात. "तिला सांगा, टोपी मला हवीय."

मी गेलो. धाकटी म्हणाली, "टोपी? माझ्या नाटकात सैनिकच नाही. सशांचं नाटक आहे."

मी परत आलो आणि म्हटलं, "तिला टोपी नकोच आहे."

काकूंनी पुन्हा त्या लाल चौकटीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "बघा. आता खोटंसुद्धा बोलायला लागली." आणि त्यांनी ती टोपी कपाटात घातली, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. जगात कुणालाच नको असलेली टोपी त्या संध्याकाळी आमच्याकडे अतिशय सुरक्षित होती.

कोट मात्र कधीच छोट्या रंगमंचावर गेला होता. सशांच्या नाटकात एक वनरक्षक असतो, त्याच्या अंगावर. तो वनरक्षक एवढासा, कोट त्याच्या घोट्यापर्यंत. दुसरा अंक सुरू व्हायची घंटा झाली आणि नायकसाहेबांनी हात मागे केले, सवयीने, कोट चढवायला. मागे कोट नाही. काकू खुंटीकडे बघतायत, मी काकूंकडे बघतोय. मी व्हरांड्यातून धावलो. या वयात धावलो, याची नोंद घ्यावी. छोट्या रंगमंचावर वनरक्षक सशांना झाडाखाली उभं करून दरडावत होता, आणि समोर पोरं इतकी रंगली होती की, त्याच्या अंगातून कोट काढायचा म्हणजे दंगलच झाली असती. रिकाम्या हाताने परत आलो.

पडदा वर गेला. खटल्याचा प्रसंग. आणि वकीलसाहेब न्यायालयात आले ते राजाच्या जरीच्या झग्यात, कारण नायकसाहेबांच्या मापाचं दुसरं काही हाताशीच नव्हतं. सभागृह गार. मग न्यायाधीश झालेल्या नटाने चष्मा खाली करून विचारलं, "वकीलसाहेब, कुठल्या राज्याची बाजू मांडणार आहात?" तिथून पुढे तो गंभीर खटला लोकांनी पोट धरून पाहिला. टाळ्या पडल्या, पण नायकसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं होतं ते पळालंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचनामा. व्यवस्थापकांनी सगळ्यांना बोलावलं. कपड्यांच्या खोलीत मावेनात, म्हणून सगळे इथे, याच रंगमंचावर. तिकीट खिडकीच्या मुलीने काकूंचा कॉम्प्युटर आणून आमच्या देखाव्याच्या प्रोजेक्टरला जोडला, म्हणजे चूक सगळ्यांना दिसेल. काकू एका टोकाला. दुसऱ्या टोकाला धाकटी, हातावर घडी घातलेला कोट घेऊन. मधल्या जागेत आम्ही. आणि मागे या पडद्यावर, जिथे एरवी डोंगर आणि राजवाडे दिसतात, तिथे काकूंचं पान, चौकट न् चौकट.

मुलीने सांगितलं, "हा बघा, एका ओळीने सरकलाय." मग ती म्हणाली, "नियम उघडून दाखवते," आणि तिने नियम उघडला.

पडद्यावर अक्षरं आली. माणसाच्या उंचीची अक्षरं. त्याचा अर्थ साधारण असा होता की, ही चौकट जर गठुडीमध्ये सापडली, तर लाल कर.

मुलगी म्हणाली, "काकू, ही गठुडी कोण?"

सगळ्यांच्या माना काकूंकडे वळल्या. मला ते गाठोडं आठवलं, कपड्यांच्या ढिगावर झोपणारं पोर आठवलं, आणि मी आपला नायकसाहेबांच्या कॉलरवरची पावडर झटकायला लागलो. तेवढ्यात त्या टोकाकडून आवाज आला.

"मी," धाकटी म्हणाली.

काकू पडद्याकडेच बघत होत्या. म्हणाल्या, "काय करणार. नावात मोकळी जागा चालत नाही."

धाकटीने कोट खुर्चीवर ठेवला, घडी मोडणार नाही असा ठेवला, आणि ती निघून गेली. दारापाशी मी तिला गाठलं. तिचे डोळे भरले होते. मला म्हणाली, "वर्षानुवर्षं मला हाक मारत नाही म्हणे. इथे दर चौकटीला मारत होती."

मला वाटलं, आता झालं, आता बोलतील. कसलं काय. रक्त एकाच घरचं, हट्टही एकाच दुकानातला. दुपारी धाकटीने त्या मुलीला बोलावलं आणि सांगितलं, "माझ्याही पानावर रंग लाव. तिच्या रकान्याला नाव दे, ताई." बस. तोंडाने दोघी एक शब्द बोलल्या नाहीत.

पण मंडळी, पुढे एक गंमत सुरू झाली. एका सकाळी मी काकूंकडे सुई मागायला गेलो, तर पानावर एक चौकट लाल. वाचलं तर लिहिलेलं, "चहा, आज." मी म्हटलं, काकू, हा कपडा कुठला? काकूंनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. मी व्हरांड्यातून धाकटीकडे गेलो. तिच्या पानावरही तेच, "चहा, आज." लालभडक. आणि मग मी उपाहारगृहात गेलो. काकू एका टेबलावर, धाकटी शेजारच्या टेबलावर, पाठीला पाठ लावून. दोघींच्या पुढ्यात चहा. दोघी चहा पीत होत्या, भिंतींकडे बघत.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी इतके दिवस समजत होतो की, लाल म्हणजे भांडण. अहो, लाल म्हणजे एवढंच की, दोघींनी एकच गोष्ट एकाच दिवशी मागितली. कोट मागितला तर भांडण, चहा मागितला तर सोबत. मी जन्मभर रंगात हात बुडवून बसलेला माणूस, मला लाल रंगाचं हे माहीत नव्हतं. नंतर ते वाढत गेलं. "बाजार, रविवार." "वडिलांची खुंटी साफ करणे, सोमवार." हे शेवटचं लाल झालं त्या दिवशी दोघी खोलीत होत्या आणि तासभर भिंतीपलीकडून एकही शब्द आला नाही. फक्त फडक्याचा आवाज येत होता.

आता आजचं. काकूंनी मागच्या आठवड्यात आपल्या पानावर शेवटची ओळ लिहिली. "निरोप", आणि आजची तारीख. त्यानंतर त्या रोज सकाळी आल्या आल्या आधी कॉम्प्युटर सुरू करायच्या, मग पदर खोचायच्या. चौकट पांढरी. काल पांढरी. आज दुपारी मी त्यांना माझ्या खुर्चीत बसवलं. काकूंच्या चेहऱ्याला मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा रंग लावला, आणि त्या म्हणाल्या, "जास्त नको. बघायला कोण येणार आहे?" मी म्हटलं, सभागृह भरलंय. त्या म्हणाल्या, "सभागृहाचं नाही म्हणत मी."

काकू, मला ठाऊक होतं, पण मी ताकास तूर लागू दिली नाही. कारण मला तशी ताकीद होती. मी काल व्हरांड्याच्या टोकाला जाऊन आलो. या वेळी कुणी पाठवलं नव्हतं, आपणहून गेलो. धाकटीला म्हटलं, अगं, एवढा एक शब्द लिही तुझ्या पानावर, ती चौकट लाल होऊ दे, बाई रोज सकाळी उठून बघते. धाकटी शिवत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "नाही लिहिणार. कॉम्प्युटरवर पुष्कळ झालं, काका. उद्यानंतर तिचं पान बंद. मग मी कुणाच्या पानाशी ताडून बघू? आता तिने तोंडाने हाक मारावी. मोठ्याने, सगळ्यांत. हाक मारली तर येईन, नाहीतर मागच्या दाराने घरी जाईन."

मी विचारलं, शिवतेयस काय? तिने दाखवलं.

मंडळी, तो राखाडी कोट होता. ठिगळ काढलेलं. अस्वलाचे दोन्ही कान उसवलेले, धुतलेले, इस्त्री केलेले, आणि वडिलांच्या टाक्यासारखा टाका घालून मूळच्या जागी बसवलेले. जोड दिसतो. कापलेलं कापड जोडलं की जोड दिसणारच. पण नायकसाहेब, आजपासून तुम्ही प्रेक्षकांकडे पाठ करू शकता. नव्याने शिकावं लागेल. अस्वल मात्र यापुढे काही ऐकू शकणार नाही, छोट्या रंगमंचाच्या रसिकांनी त्याला सांभाळून घ्यावं.

तर पाहुणेसाहेब, ती कोरी जागा अशी आहे. सत्काराला तो कोट आहे, आणि तो घेऊन धाकटी या क्षणी या पडद्याआड उभी आहे. काकू, असं बघू नका, खरंच उभी आहे. मी बोलायला उठलो तेव्हापासून उभी आहे, आणि तिचे पाय दुखत असतील, कारण मी ठरल्यापेक्षा जास्त बोललोय. मी तिला बोलावू शकत नाही. व्यवस्थापक तिचं नाव पुकारू शकत नाहीत. आम्हा कुणाच्याच हाकेला ती येणार नाही. जी हाक तुम्ही एकट्याने खोलीत बसून, दार लावून, त्या यंत्रात लिहिलीत, तीच हवी आहे. एकच शब्द आहे. मध्ये मोकळी जागा नाही.

मला आता समारोप करायला हवा, आणि तो मी करतो, तेवढ्यात तुम्हाला विचार करायला वेळ मिळेल.

अध्यक्षांनी मला इतका वेळ बोलू दिलं, त्यांचा मी ऋणी आहे. पाहुण्यांनी मघापासून घड्याळाकडे पाहिलं नाही, त्यांचाही. तिकीट खिडकीवरच्या मुलीने एका ओळीची चूक शोधून दिली, नाहीतर आम्ही अजून ती टोपी जपत बसलो असतो, तिचे आभार. नायकसाहेबांनी स्वतःवरची थट्टा हसून झेलली. व्यवस्थापकांनी पत्रिकेतली जागा कोरी ठेवायचं धाडस केलं, आणि ते सोपं नव्हतं, कारण त्यांना कुठलीच जागा कोरी बघवत नाही. माझ्या बोलण्यात कुणाला काही टोचलं असेल, कुणाच्या घरातलं मी चव्हाट्यावर आणलं असेल, तर...

थांबा. काकू उठतायत.

काकू, हा माईक घ्या. नको? बरं.

...

ऐकलंत, मंडळी? मागच्या रांगेपर्यंत पोहोचलं ना? माईकशिवाय. याला म्हणतात मोठ्या रंगमंचाचा आवाज.

ये गं, ये. जपून, तिथे वायर आहे. कोट पुढे धर. काकू, हात मागे करा, नायकसाहेब करतात तसे. हां. खांदे बघा कसे बसलेत.

पत्रिका हातात असेल त्यांनी पेन काढा, आणि त्या कोऱ्या जागेत लिहा, गठुडी.

मी सांगत होतो की, कुणाला काही टोचलं असेल तर उदार मनाने मला माफ करावं. आणि काकू, दुपारी मी तुम्हाला बजावलं होतं की, रडायचं नाही, तासभर खपून लावलेला रंग ओघळेल. ते मी मागे घेतो. ओघळू द्या. पुसायला मी शेजारीच आहे.